एका बाजाराला एक दात

माझ्या बाच्या पायाची जखम बरी व्हावी म्हणून त्याचे दात काढायचे, असं एका डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा मी त्याला तोंडावर नाही म्हणालो होतो. मी तिसरीपर्यंत शिकलेला, तो मोठ्या शहरातून मोठं शिकून आलेला. तरी नाही म्हणालो. आता ऐकतो की दातांच्या दवाखान्यांत भिंतीवर पाट्या लागल्या आहेत: हिरड्या बिघडल्या तर साखर वाढते, काळजाला त्रास होतो. लोक ते नवीन म्हणून वाचतात. आमच्या अल्लीपुरातल्या गल्लीनं हे सगळं शोधलं जाताना पाहिलेलं आहे, आणि तेही माझ्या बाच्या तोंडात. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी हे झालं. माझं लग्न नवंच होतं. आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली दोन फळ्या. एक दाबली की अर्धं सूत वर, दुसरी दाबली की बाकीचं वर, आणि मधून आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडे. बा त्या खड्ड्यात बसला की घरात एक चाल लागायची, खट-खटक, खट-खटक, आणि त्या चालीवर माय भाकरी थापायची. हे मी वाढवून सांगत नाही. माग थांबला की तिचाही हात थांबायचा.

बाच्या डाव्या अंगठ्यात त्या फळीचं कुसळ गेलं. एवढंसं. काढलं, हळद लावली. दुसऱ्या कोणाचं असतं तर हप्त्यात कोरडं झालं असतं. बाचं झालं नाही. हळद झाली, चुना झाला, कडुनिंबाचा पाला वाटून झाला, न्हाव्यानं दिलेला काळा मलम झाला. जखम आहे तिथंच, वरून पांढरी, आतून ओली. पावसाळा गेला, कापूस फुटला, तरी ती तशीच. फळी दाबता येईना, म्हणून बा खड्ड्यातून उठला आणि मी बसलो. तो माझ्या मागं पाट टाकून बसायचा आणि माझ्या पाठीशी बोलायचा.

"हात जड पडून राह्यला तुहा. कापड विणून राह्यला का खाट?"

"मंग तुमी बसा."

"बसलो असतो, लेका. पाय देते का बसू?"

बाच्या तोंडाकडं तेव्हा आमचं कोणाचं लक्ष नव्हतं. धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक बारीक भोकातून बाहेर घ्यावं लागतं. आम्ही ते तोंड लावून ओढायचो. सगळे विणकर तसंच करायचे. बानं ओढलेल्या सुतावर कधी कधी लाल ठिपका यायचा. तो म्हणायचा, हिरडी सोलली असन. माय तेवढं सूत तोडून टाकायची. दात हलायला लागले होते, तोंडाला वास यायचा. तो जाळलेल्या तंबाखूची भुकटी जास्त घासायचा, त्यानं वास दबतो म्हणून. हिरडीतून रक्त येणं म्हणजे वय झालं, याच्यापुढं आमचा विचार जात नव्हता. दात तोंडात, जखम पायात. या दोघांमध्ये अख्खा माणूस.

थंडीत तो डॉक्टर आला. तरुण होता, चष्मा लावायचा. सरकारी दवाखान्यात आठवडी बाजाराच्या दिवशी हिंगणघाटहून यायचा आणि दुपारून एकेका वस्तीत फिरायचा. याआधी आमच्या गल्लीत जो कोणी औषध द्यायला यायचा, तो गोळी वरून हातावर टाकायचा. हा माणूस आमच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला, साबणानं हात धुतले, आणि पहिल्याच म्हातारीच्या तोंडात बोट घालून हिरडी दाबून पाहिली. माय लगबगीनं आत आली आणि मला हळूच म्हणाली, "बोट घातलं त्यानं. आतमंधी." एवढंच म्हणाली आणि परत पाहायला गेली.

त्याच्याकडं काडीला लावलेला छोटा आरसा होता. प्रत्येकाचे दात पाहायचा आणि मग भलतंच विचारायचा. तहान किती लागते? गुडघे दुखतात का? चालताना छाती भरून येते का? गल्लीतल्या पोट्ट्यांना करमणूक झाली. आमचा शेजारी, तो बैलांचा दलाल, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "डाक्टरसायेब, आमी बी बाजारात दात पाह्यतो. पन बैलाले गुडघे दुखतेत का, असं नाई इचारत."

डॉक्टर म्हणाला, "विचारत नाही, कारण बैल सांगत नाही. तुम्ही सांगता. तुमचे दाखवा."

दलालानं तोंड मिटलं. लोक हसले.

डॉक्टरनं आम्हाला सांगितलं की ज्यांच्या हिरड्यांत पू आहे त्यांना बाकीचे आजार जास्त असतात का, ते तो पाहतो आहे. गावोगाव पाहतो आहे. अजून नक्की काही सांगता येत नाही, असंही म्हणाला. मला ते आवडलं नव्हतं. म्हटलं, नक्की माहीत नाही तर लोकांची तोंडं कशाला उघडतो?

बा पाय धोतराखाली घेऊन बसला होता. डॉक्टरनं त्याची हिरडी दाबली, पांढरं बाहेर आलं. त्यानं दुसरीकडं दाबली, तिकडंही तेच. मग विचारलं, "पाणी फार पिता?"

"पेतो."

"लघवीला फार जावं लागतं?"

"पानी पेल्यावर मानूस काय करन?"

"अंगावर कुठं जखम आहे? बरी न होणारी?"

बानं माझ्याकडं पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं. गल्लीत सगळ्यांना तो पाय माहीत होता. बानं धोतर सारून पाय पुढं केला.

मग डॉक्टरनं लघवी मागितली. निळं औषध काचेच्या नळीत घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले, आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. बा ते डोळे बारीक करून पाहत होता. बापजाद्यापासून सुताला रंग देणारं आमचं घर. त्यानं विचारलं, "हा रंग पक्का हाय का?"

डॉक्टर हसला. "नाही. खाणं बदललं तर जातो."

त्यानं समजावलं ते असं. बाला साखरेचा रोग आहे. साखरेनं हिरड्या सडल्या. सडलेल्या हिरड्यांतला पू रोज पोटात आणि रक्तात जातो, त्यानं साखर आणखी वाढते. आणि साखर वाढलेली असेल तोवर पायाची जखम भरत नाही. एकानं दुसऱ्याला धरलं आहे, दुसऱ्यानं तिसऱ्याला. गूळ बंद, तंबाखू बंद, भाकरी मापात, तोंड मिठाच्या कोमट पाण्यानं दिवसातून तीनदा धुवायचं, आणि जे दात हलतात ते काढायचे. नाहीतर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर थांबेल असंही नाही.

गुळाचा चहा गेला, बानं मान्य केलं. तंबाखू गेली, त्यानं तोंड वाकडं करून मान्य केलं. दाताचं नाव निघालं तसा तो उठला.

"दात नाई काढाचे. दात काढले का नजर जाते."

आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत होतं. वरच्या दाताची नस थेट डोळ्यात जाते, असं. माझ्या मावससासऱ्यानं सिंदी मेघे गावात दाढ काढून घेतली आणि दोन वर्षांत आंधळा झाला. मायनं लगेच त्याचं नाव काढलं. डॉक्टर म्हणाला, त्यांना मोतीबिंदू झाला असेल, दातांचा आणि डोळ्यांचा काही संबंध नाही.

तेव्हा मी बोललो. "सायेब, दाताचा अन् पायाचा संबंध हाय म्हनता. पाय लय खाली हाय. डोये तर दाताच्या बाजूले हायेत. त्याहीचा संबंध नाई म्हनता. हे कसं?"

गल्लीतले लोक मान हलवायला लागले. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. मग तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ते ऐकायला बरोबर वाटतं. पण तसं नाही."

"नाई कसं?"

आमच्यासाठी हा हट्टाचा प्रश्न नव्हता. पाय गेला तर बा खड्ड्यात बसू शकणार नाही, पण कांड्या भरेल, उभ्या सुताचा ताणा लावेल, विणकर राहील. नजर गेली तर काहीच नाही. मागाच्या फणीच्या फटी केसाएवढ्या असतात. त्यातून एकेक सूत ओवायचं, एका फटीत एक. अल्लीपुरात माझ्या बाएवढ्या वेगानं फणी भरणारा माणूस नव्हता. हे मी त्याचा पोरगा म्हणून सांगत नाही, दुसऱ्या विणकरांनी सांगितलं आहे.

तिसऱ्या दिवशी बानं पायाची चिंधी सोडली आणि आम्हा सगळ्यांना वास आला. मी त्याच दिवशी ठरवलं. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला माझी अट सांगितली. एका बाजाराला एकच दात. आधी खालचे, कारण खालच्याची नस डोळ्यात जात नाही असं काही लोक म्हणत. आणि दात काढल्याच्या दुसऱ्या दिवशी बा फणी भरेल. सूत चुकलं नाही तरच पुढचा दात.

कंपाउंडर हसायला लागला. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "साखर असलेल्या माणसाचे एकदम दात काढायला मीही भितोच. चालेल. आणि फणी कशी भरली ते मला येऊन सांगायचं."

म्हणजे माझी अट त्याच्याही फायद्याचीच होती. हे लोक विसरतात, म्हणून लिहून ठेवतो.

माझी अट ऐकून बाही तयार झाला आणि मग सुरू झालं. बाजाराच्या दिवशी बा धुतलेली टोपी घालून दवाखान्यात जायचा. हिरडीत सुई, मग चिमटा. दात इतके सैल होते की डॉक्टरला जोर लावावाच लागत नव्हता. बा कापूस दाबून परत यायचा, वाटेत कोणी बोललं तर फक्त हात करायचा. दुसऱ्या दिवशी उन्हात दारापाशी फणी उभी करायची. माझी बायको पलीकडून सूत द्यायची, बा अलीकडून हुकानं ओढायचा, आणि मी मागून तपासायचो. दलाल दर खेपेला चौकशीला यायचा. "काल कोनता गेला? पुढचा का मागचा?"

"मागचा."

"अन् सूत?"

"बरोबर हाय."

"मंग अजून एक जाऊ द्या."

एकेक करत खालचे हलणारे दात गेले. माय चिंधी मिठाच्या पाण्यात भिजवून देई आणि बा उरलेल्या दातांच्या मुळाशी बोटानं चोळी. सुरुवातीला रक्त यायचं, मग कमी झालं, मग थांबलं. तोंडाचा वास गेला. आणि जी जखम पावसाळ्यापासून पांढरी पडून होती, तिच्या कडेला लालसर नवं मांस दिसायला लागलं. मायला ते आधी दिसलं. तिनं मला बोलावून दाखवलं, बाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणे. मी म्हटलं, आता आपण हे मानत नाही. ती म्हणाली, "नोको मानू. पन सांगू नोको."

मग वरचे दात आले. पहिला वरचा गेला, फणी बरोबर भरली. दुसरा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बा फणीपाशी बसला आणि हूक भलत्याच फटीत गेला. त्यानं डोळे चोळले. पुन्हा घातला. एका फटीत दोन सुतं गेली, पुढची फट रिकामी. मी मागून पाहत होतो. त्यानं हूक खाली ठेवला आणि म्हणाला, "धुकं आलं का?"

ऊन लख्ख होतं.

घरात जे झालं ते मी लिहीत नाही. माय भिंतीला टेकून बसली. बा माझ्यावर एका शब्दानं रागावला नाही, तेच जड गेलं. मी दलालाची सायकल घेतली आणि हिंगणघाटची वाट धरली. वाटभर काय बोलायचं ते जुळवत गेलो.

डॉक्टर रोगी पाहत होता. मी लाइन मोडून आत गेलो. "माह्या बाचे डोये घेतले तुमी. आता पायाले काय चाटाचं हाय का?"

बाकीचे लोक वळून पाहायला लागले. त्यानं मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही. त्यानं विचारलं, "जवळचं दिसत नाही, की लांबचं?"

"फनी दिसत नाई."

"ते जवळचं झालं. लांबचं?"

मला माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"साखर बरेच दिवस वाढलेली असली की डोळ्याच्या भिंगात तिचं पाणी मुरतं," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांना त्या मुरलेल्या भिंगातून पाहायची सवय झाली होती. आता साखर उतरते आहे, भिंगही उतरतं आहे. त्याला बसायला वेळ लागतो. काही हप्ते, कदाचित महिना. घरी जा, त्यांना लांबचं काय दिसतं ते विचारा. लांबचं स्वच्छ दिसत असेल तर थांबा. नसेल, तर उद्या त्यांना इथं आणा, मी स्वतः डोळे पाहीन. आणि तोवर मी एकही दात काढणार नाही."

"अन् नजर परत नाई आली तर?"

"तर मी चुकलो," तो म्हणाला. "पण मला वाटतं येईल."

मला ते 'वाटतं' ऐकून पुन्हा राग आला. पण तो माझ्याकडं सरळ पाहत होता. मी सायकल वळवली.

घरी आलो तेव्हा बा दारात बसला होता. मी सायकल भिंतीला लावायच्या आत तो म्हणाला, "चेन पडलती का रे? नाल्यापाशी उतरून काय करून राह्यलता?"

नाला आमच्या दारापासून कुठल्या कुठं. मी तिथं खरंच चेन चढवायला उतरलो होतो.

"तुमाले दिसलं?"

"दिसलं म्हनून तर इचारून राह्यलो."

मी मायला हाक मारली. तिला डॉक्टरनं सांगितलेलं सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला आणि बाच्या शेजारी येऊन बसली, आणि त्याला एकेक विचारायला लागली. त्या झाडावर काय बसलं आहे? तिकडून कोण येतं आहे? कोणाचा बैल? बा सगळं सांगत होता. जवळची भाकरी त्याला धूसर दिसायची, आणि नाल्यापलीकडचा माणूस ओळखू यायचा. त्यानंतर तो रोज दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर द्यायला लागला. दलालाची त्यानं पंचाईत केली. तो बाजारातून बैल घेऊन लांबून यायला लागला की बा तिथून ओरडायचा, "मागचा डावा पाय पाह्य त्याचा, लंगडून राह्यला." दलाल म्हणायचा, काका, तुमाले कमी दिसत होतं तेच बरं होतं.

हसायचो आम्ही, पण मागावर मी एकटाच असायचो. बा मागं पाट टाकून बसत नव्हता. माझ्या पाठीशी कोणी बोलत नव्हतं. कापड कसंही विणलं तरी चालत होतं, आणि ते मला सोसत नव्हतं. पायाची जखम रोज थोडी लहान होत होती. अंगठ्यावर पातळ गुलाबी कातडी धरली. पाय वाचला, हे आम्हाला कळत होतं, पण त्याचा आनंद करायला आम्ही डोळ्यांसाठी थांबलो होतो.

डॉक्टर बाजाराच्या दिवशी गल्लीत येऊन जायचा. लघवी तापवायचा. नळी लाल होईना, हिरव्यावर थांबायची, मग निळीच राहायला लागली. बाला तो रंग नीट दिसायचा नाही, तर तो डॉक्टरला नळी हातभर लांब धरायला लावायचा. "आनखी मागं घ्या. हं. निया हाय." डॉक्टर त्याला हातातला आरसा दाखवून विचारायचा, दिसतो का? बा म्हणायचा, नाई. डॉक्टर मान हलवायचा आणि पुढच्या घरी जायचा. पळाला मात्र नाही तो. दर बाजाराला आला.

हरभरा निघाला होता. मी स्वतःच फणी भरून, खड्ड्यात बसून पांघरायची पासोडी विणत होतो. मागं पाट सरकल्याचा आवाज आला. मी वळलो नाही. धोटा टाकत राहिलो. बऱ्याच वेळानं बाचं बोट माझ्या खांद्यावरून पुढं आलं आणि विणलेल्या कापडावर टेकलं.

"हे काय हाय?"

"काय हाय?"

"इथून इथवर दोन-दोन सुतं एका फटीत. पट्टा पडला. दिसत नाई का तुले?"

माझे हात थांबले. स्वयंपाकघरात मायचाही हात थांबला. मी वळून पाहिलं तर बा कापडावर वाकला होता, नाक लागेल एवढा जवळ नाही, जेवढ्या अंतरावरून विणकर पाहतो तेवढ्यावरून. त्याचं बोट एका सुतावर होतं. बरोबर त्या सुतावर.

"ऊठ," तो म्हणाला. "आंगठा पाहू दे फयीवर."

मी बाहेर निघालो. बा काठाला धरून खड्ड्यात उतरला. डावा पाय फळीवर ठेवला, दाबला, थांबला, पुन्हा दाबला. दुखलं का, असं कोणी विचारलं नाही. त्यानं मान वर केली. वरचे उरलेले दोन सैल दात दिसत होते.

"येत्या बाजाराले हे बी काढून टाकू," तो म्हणाला. "लय हलतेत. अन् आता हे सगळं उकल. पह्यल्या सुतापासून सगळं."

आजही सांगतो, चूक माझी नव्हती. फणी जुनी होती, तिच्या पात्या वाकून फटी बुजल्या होत्या. पण त्या दिवशी मी ते बोललो नाही. मी त्याच्या शेजारी बसलो आणि अर्धी पासोडी सुतासुतानं उकलली.